शंकूवरची शीग

आत्या,

तुझ्या तेरवीच्या दुपारी हेडमास्तर आले आणि पानावर बसायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात पंधरा कोरी कार्डं ठेवली. जाड, पांढरी, कडा सरळ कापलेली. शाळेत काचेचं कपाट आलं आहे म्हणाले. मास्तरांच्या हातची गणिताची साधनं त्यात मांडायची आहेत. "सुमनचं अक्षर छान, इंग्रजीही छान. वर साधनाचं नाव घाल, खाली 'मेड बाय' लिहून मास्तरांचं नाव. एवढं करून दे, बेटा." मास्तर म्हणजे माझे बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी हेडमास्तरांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मी कार्डं घेतली, कोनाड्यात ठेवली आणि बुंदी वाढायला गेले.

त्या पंधरांतलं एकही साधन बाबांच्या हातचं नाही. हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तुला तर होतंच. गेलेल्या माणसाबद्दल लोक हात जोडून लिहितात. मला ते जमणार नाही. मला तुझा राग आला आहे. बाबांचाही आहे. माझा स्वतःचा तर सात वर्षांपासून आहे. पण आधी तुझा, कारण तू उत्तर द्यायला थांबली नाहीस, आणि हे तू जन्मभर करत आलीस. बोलायची वेळ आली की उठायचं आणि आत जायचं.

आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? मी आठेक वर्षांची असेन. सकाळी शाळेआधी बाबा ओसरीवर चार मुलांची शिकवणी घ्यायचे आणि आत तू भाकरी थापायचीस. मुलं घोकत होती, तीन बाजू दिल्या असता एकच त्रिकोण होतो, चार बाजू दिल्या असता चौकोन निश्चित होत नाही. घोकून घोकून त्यांच्या आवाजाला चाल लागली होती, अर्थ एकालाही लागला नव्हता. बाबा चिडले, फळ्यावर खडू मोडला. तेवढ्यात तू पिठाच्या हातानं बाहेर आलीस. हातात जवारीच्या धांड्यांचा एक चौकोन होता, सोललेल्या चार कांड्या, कोपऱ्यांत बाभळीचे काटे खोचलेले. आसेगावच्या शेतातून कडब्याची गाडी आली की त्याच धांड्यांचे बैल करून तू मला द्यायचीस.

"वामन्या," तू म्हणालीस. बाबा तुझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यांना वामन्या म्हणणारी गावात तू एकटी. "वामन्या, पोट्ट्यायले असं तोंडानं सांगून समजते का बाप्पा? हे पाय. चारही काड्या सारख्या. अन् कसा लोळते, पाय." बोट लावलंस तशी चौकोनाची मान कलली. "आता हे पाय." एक कांडी आडवी खोचलीस. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि मग तो जागचा हलेना.

एक मुलगा म्हणाला, "आत्या, हा तं आमच्या खाटेवानी हाय. बसलं का वाकडा."

"मंग तुया बाप खाटेले आडवी काडी काहून नाही ठोकत?"

"झोपनाऱ्याले टोचन ना!"

ओसरी हसली. बाबाही हसले. तो चौकोन त्यांनी शाळेत नेला, आणि त्या दिवसापासून तो 'मास्तरांचा चौकोन' झाला. मी दारात उभी राहून पाहत होते. तू राखेनं तवा घासत होतीस. तुला वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. तू खूश होतीस. हाच तर माझा पहिला राग आहे, की तू खूश होतीस.

मग दर सुट्टीत नवीन काही असायचं. मी अमरावतीच्या मिशनच्या शाळेत राहायला गेले होते. मूर्तिजापूरला गाडी बदलून छोट्या गाडीनं कारंजाला उतरायचं, टांग्यातून घरी यायचं, आणि पेटी ठेवायच्या आधी तू मला मागच्या पडवीत न्यायचीस. शिंप्याकडून आणलेल्या रिकाम्या रिळांच्या कप्प्या होत्या. त्यांवरून सुतळी ओवून तू मला एका बोटानं वरवंटा उचलायला लावलास. मी म्हटलं, आत्या, याला मेकॅनिकल अ‍ॅडव्हांटेज म्हणतात, आम्हाला पुस्तकात आहे. तू म्हणालीस, "नाव लई लंबं हाय वं. काम तं वरवंट्याचंच." आमच्या पुस्तकात ते चित्र होतं आणि मला शंभरपैकी नव्वद मार्क होते. पण वरवंटा हलका झालेला माझ्या बोटाला पहिल्यांदा तुझ्या पडवीत कळला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. शाळेतल्या सिस्टर मला म्हणायच्या, सुमन, तोंड उघड. मी तिथं उघडत नव्हते आणि इथंही नाही.

तू शिकलीस कुठून, हे एकदा विचारलं होतं. म्हणालीस, "मले फळा दिसत नाही, चूल दिस्ते. पन कान तं दोन्हीकडं हायेत." पंधराव्या वर्षी तू नवरा जाऊन माहेरी परत आलीस आणि शेतात निंदायला लागलीस, म्हणून बाबांना शाळेत राहता आलं. त्यांचे धडे तू कोळप्यामागं चालताना पाठ करून घ्यायचीस. ते मोठ्यानं म्हणायचे, तू ऐकायचीस. म्हणजे तुला सगळं येत होतं, फक्त लिहिता येत नव्हतं.

त्यावरून आपलं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी अकरा वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी पाटी आणली आणि म्हटलं, तुझं नाव लिहायला शिकवते. यमुना. तीन तर अक्षरं. 'य' गिरवलास, छान गिरवलास, तुझा हात तर सुताराहून सरळ. 'मु'ला आलीस आणि पाटी बाजूला सारलीस.

"नाव लिहून का करू वं? कोन वाचनार हाय?"

"चौकोनावर लिही. कप्पीवर लिही. लोकांना कळेल तू केलंस ते."

"लोकायले चौकोन कळला का नाही? मंग झालं."

मी म्हटलं, "मग राहा अशीच. अडाणी." हे शब्द माझे आहेत. तू हसलीस आणि वाळवण राखायला अंगणात गेलीस. मी पाटी पुसली. आता वाटतं, तुझा तो 'य' तरी पुसायला नको होता. पण तू भांडायला हवं होतंस, आत्या. माझ्या एक थोबाडीत द्यायला हवी होतीस.

आता शंकूचं. इथवर लिहायलाच मला तीन दिवस लागले.

त्याच वर्षी बाबा ओसरीवर शिकवत होते, की सारख्या तोंडाचे आणि सारख्या उंचीचे शंकू आणि नळकांडं घेतलं तर तीन शंकूंत नळकांडं भरतं. मुलांचा विश्वास बसेना. टोकाकडं एवढं निमुळतं होणारं भांडं, ते तीनच वेळा कसं पुरेल? तू ते आतून ऐकलंस. आपल्याकडं कागदाचा लगदा आणि मेथ्या वाटून टोपल्या करतात, तसाच तू शंकू केलास. लगद्याला कागद कुठला, तर बाबांच्या माळ्यावरच्या मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका. "नापास झाले तरी कामी आले," म्हणालीस. कागद दोन दिवस भिजवलेस आणि पाट्यावर वाटलेस. "मूठभर मेथ्या टाकाच्या, मंग भेग नाही पडत," असं बोलत बोलत नळकांड्यासाठी पितळी डब्यावर लगदा थापलास. शंकूसाठी पळसाच्या पानांचा साचा केला होतास. वाळल्यावर दोन्हींची तोंडं एकमेकांवर ठेवून पाहिलीस, केसाचाही फरक नव्हता. मग जवारीनं भरून पाहिलंस. सात वेळा. मी मोजत होते.

माझ्यासमोर सात वेळा. तरी तू कशानं सपाट करतेस याकडं माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष तुझ्या ओठांकडं होतं, तू आकडे म्हणत होतीस.

आणि मला भरायला शिकवलं होतंस ते वेगळंच. मी लहान असताना दारात एक म्हातारी दाणे मागायला यायची. एकदा तू भाजणीत गुंतली होतीस, म्हणून मी अधोलीच्या मापात जवारी घेतली आणि वरून तळवा फिरवून सपाट केली. तू धावत येऊन माझ्या मनगटावर चापट मारलीस. "शीग मोडू नोको वं! शीग मोडली तं ते देनं नाही राह्यलं, हिसाब झाला." आणि अधोलीवर दोन्ही हातांनी डोंगर केलास, दाणे घरंगळेपर्यंत. त्या दिवसानंतर आपल्या घरात मी माप भरलं ते शिगेनंच. आपल्या गावात सगळेच तसे भरतात. शिगेशिवाय माप भरलं असं कोणाच्या डोळ्याला वाटतच नाही.

हिवाळ्यात इन्स्पेक्टर साहेब येणार होते. बाबांनी मला सुट्टीत आठ दिवस एकच वाक्य पाठ करवलं. "थ्री कोन्स मेक वन सिलिंडर, सर." मी इंग्रजीत बोलायचं आणि बोलता बोलता भरून दाखवायचं. मास्तरांची मुलगी, मिशनच्या शाळेतली. तू माझ्या वेण्या घातल्यास आणि शंकू लुगड्याच्या धडुत्यात गुंडाळून दिलास. "हात थरथरला तं शंकू मांडीवर टेकव," म्हणालीस. तू शाळेत आली नाहीस. तुला कोणी या म्हटलं नाही, आणि तूही येते म्हणाली नाहीस.

वर्गात खुर्च्या लावल्या होत्या. साहेब, हेडमास्तर, गावातले दोन शेठ. मी वाक्य म्हटलं. आवाज पहिल्या बाकापर्यंतच गेला असेल. मग पाटीतली जवारी शंकूत घेतली आणि शंकूवर शीग लावली, जशी दारातल्या म्हातारीला लावायची तशी, दोन्ही हातांनी. एक शंकू ओतला. दुसरा ओतला. तिसरा अर्धा ओतला तोच नळकांडं भरलं. उरलेली जवारी टेबलावर सांडली, साहेबांच्या कागदांवर गेली, जमिनीवर टपटपली.

साहेब मोठ्यानं हसले. मराठीत म्हणाले, "मास्तर, तुमचे तीन म्हणजे आमचे अडीच!" सगळे हसले. मुलं तर बाकं बडवायला लागली.

आणि बाबा म्हणाले, मला त्यांचा सूरही आठवतो, हलका, हात झटकल्यासारखा, "घरी बहीण आहे, साहेब. शिकलेली नाही. तिनं बनवलंय. बायकांचं काम." बाकीची साधनं भिंतीशी ओळीनं मांडलेली होती. त्यांच्याबद्दल साहेबांनी आधीच बाबांची पाठ थोपटली होती. त्यांतल्या एकाही साधनासाठी तुझी आठवण निघाली नव्हती. जे फसलं तेवढ्यापुरती तू निघालीस.

माझ्या हातात शंकू होता आणि त्याच्या टोकाशी अजून दाणे होते. मला चूक तेव्हाच कळली का? आत्या, मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की नाही कळली. खोटं आहे. शंकू धडुत्यात गुंडाळताना कळली. कडेला माझी बोटं लागली, आणि ही कड कशासाठी इतकी सरळ केली आहे ते कळलं. तरी मी गप्प राहिले. घरी आल्यावर तू विचारलंस, "भरलं का वं?" मी मान हलवली. मी 'नाही' म्हणते आहे, हे तू समजलीस. "काहून? सात खेप तं भरून पाह्यलं होतं." मी म्हटलं, माहीत नाही. एवढंच म्हटलं. तू माझ्याकडं थोडा वेळ पाहिलंस आणि माझ्या वेण्या सोडायला बसलीस.

मग तू काय केलंस? जिनिंग फॅक्टरीच्या फाटकातून दिसणारा इंजिनाचा दांडा, पुढं-मागं होऊन चाक फिरवणारा, तो तुला महिनाभर झपाटून होता. बाजाराला जाताना तू फाटकाशी थांबायचीस आणि चौकीदार विचारायचा, "बाई, कोनाले पाह्यता?" तू म्हणायचीस, "तुया चाकाले." त्याचं सावरीच्या लाकडाचं चाक तू अर्धं कोरलं होतंस. दांडा राहिला होता, त्याचं चित्र मी तुला पुस्तकातून काढून देणार होते. साहेब गेल्यावर चौथ्या दिवशी तू ते चाक चुलीत घातलंस. मी शेजारी बसले होते. सावरीचं लाकूड, लगेच पेटलं. "सैपाकाले जळतन नाही," म्हणालीस. मागं गोवऱ्यांची रास लागली होती.

त्यानंतर सात वर्षं तू टोपल्या केल्यास. सुंदर टोपल्या. गाव नेत होतं.

तेरवीनंतर दोन दिवसांनी मी तुझी पेटी उघडली. दोन लुगडी, एक जुनी पोत, आणि खाली त्याच धडुत्यात शंकू आणि नळकांडं. मला वाटलं होतं, तू तेही जाळलंस. शंकूच्या कडेला सुतळीनं एक बांबूची पट्टी बांधलेली होती. बोटभर रुंद, तासून गुळगुळीत केलेली, लांबीला शंकूच्या तोंडाहून जराशी जास्त. शीग काढून टाकायची पट्टी. साहेबांच्या दिवशी ती नव्हती, तेव्हा तू करंगळीच्या कडेनं सपाट करत असशील. म्हणजे पट्टी नंतर केलीस. म्हणजे तुला कळलं होतं. शंकू बरोबर होता आणि भरणारा हात चुकला होता, हे तू शोधून काढलंस, त्यावर उपाय केलास आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलास.

मी पेटीपाशी बसून रडले नाही. मला वाटलं, ती पट्टी मोडून टाकावी.

शंकू घेऊन ओसरीवर गेले. बाबा तिथं होते. म्हटलं, "बाबा, साहेबांच्या दिवशी मी शंकूवर शीग भरली होती. आत्याची चूक नव्हती."

बाबांनी चष्मा काढला. "मले माहीत हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"तवाच दिसलं होतं. गनिताचा मास्तर हाय मी, सुमे."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? साहेबाच्या समोर माही इंग्रजी शाळेतली पोरगी चुकली म्हनू? दोघीतून एकीचं नाव घ्या लागत होतं. तू तिथं उभी होती. बाई घरी होती." मोठी बहीण म्हणून ते तुला बाई म्हणायचे. "बाईले कोन साहेब भेटनार होता?"

"तिला सांगितलंत?"

"तिनंच मले सांगितलं. त्याच दिवशी, सांजेले. म्हने, पोट्टीनं शीग भरली असन, म्याच शिकवलं तिले तसं. तिले काही म्हनू नोको. लाजाळू हाय, पुन्हा तोंड नाही उघडनार."

बघ, आत्या, तुझा हिशेब. मी पुन्हा तोंड उघडावं म्हणून तू तुझं मिटलंस. आणि मी उघडलं का? तिघंही जण एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खात, तीच गोष्ट जाणून सात वर्षं गप्प बसलो. तू मला वाचवलंस म्हणे. मला वाचायचं नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, तू "काहून खोटं बोलली वं?" असं विचारायला हवं होतंस. मी त्याच क्षणी सांगितलं असतं. आणि ते चाक जळलं नसतं. तू जगाला शिगोशीग दिलंस, भावाला, पुतणीला, दारातल्या म्हातारीला. स्वतःच्या वाट्याचं कधी मापात घेतलंच नाहीस. आणि मला द्यायला शिकवलंस, मोजायला नाही शिकवलंस.

मी बाबांना विचारलं, कार्डावर आत्याचं आडनाव कोणतं लिहू, सासरचं की आपलं? ते चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "यमुना लिही. तेवढंच तिचं होतं." ते चिडतील, कार्डं हिसकावतील, अशी माझी तयारी होती. ती वाया गेली. रागाला काहीतरी आदळायला लागतं, आणि समोर एक म्हातारा होत चाललेला माणूस चष्मा पुसत होता.

कार्डं मी लिहिली. इंग्रजीत आणि खाली मराठीत. सोळा लिहिली. शंकूसाठीचं सोळावं कार्ड मीच पुठ्ठ्यातून कापलं, त्याची कड जरा तिरकी गेली आहे.

दहा दिवसांपूर्वी शाळेत गेले. हेडमास्तरांना वाटलं, कार्डं द्यायला आले. मी म्हटलं, मला मुलांना एक साधन दाखवायचं आहे. दुसरा तास बाबांचाच होता. चाळीस मुलं आणि टेबलावर जवारीची पाटी. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. मग तू सांगितलं होतंस तसा शंकू मांडीवर टेकवावा म्हणून खुर्चीवर बसले आणि बसल्याबसल्या बोलले.

आधी शीग लावून भरलं. तिसरा शंकू अर्धा ओतला आणि जवारी सांडली. मुलं हसली. मी म्हटलं, "सात वर्षांपूर्वी याच वर्गात मी हे असंच सांडलं. चूक माझी होती. नाव माझ्या आत्याचं लागलं. तिचं नाव यमुना. ही सगळी साधनं तिनं केली." मग पट्टी सोडली. शंकू भरला, पट्टी कडेवरून फिरवली, ओतला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही पट्टी फिरवूनच ओतला. नळकांडं काठोकाठ भरलं. ना दाणा वर, ना दाणा खाली. वरून तळवा फिरवला तर तळव्याला नुसता गारवा लागला.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "अजून एकडाव करा ना, बाई."

हेडमास्तरांनी कार्ड उचलून वाचलं. "मास्तर, हे काय? यमुना कोण?"

"माही बहीण," बाबा म्हणाले. "तिनंच केलं हाय सगळं." हळू म्हणाले. तिसऱ्या बाकाच्या पलीकडं गेलं नसेल. साहेबांसमोर 'बायकांचं काम' म्हणताना आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला होता. पण बोलले. सपाट माप भरलं त्यांनी. शीग मी त्यांच्याकडं मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. मग ते वाकले आणि जमिनीवरची जवारी वेचू लागले, पायाखाली येऊ नये म्हणून. मी मदत केली नाही.

पंधरा साधनं काचेच्या कपाटात गेली. हेडमास्तर शंकूही उचलायला लागले. मी म्हटलं, हा बाहेर राहू द्या, टेबलावर, पाटीशेजारी. मुलांनी भरायला पाहिजे.

"चार दिवसांत फुटेल, बेटा. कागदाचा तर आहे."

"फुटला तर दुसरा करू."

"कोण करणार?"

"मी," मी म्हटलं. हे मात्र शेवटच्या बाकापर्यंत गेलं असावं, कारण मुलं वळून पाहायला लागली.

आज सकाळी बाबांच्या माळ्यावरून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. पाच दिवसांपूर्वीही एक गठ्ठा भिजत घातला होता. तो वाटून शंकूच्या साच्यावर थापला होता, त्याला वाळताना भेग गेली. वरपासून खालपर्यंत. आधीचा तर साच्यावरून निघालाच नाही. मेथ्या कमी पडल्या, की जास्त झाल्या? माझ्या हातांना त्यांचा कडू वास लागला आहे, तो साबणानं जात नाही. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "काय करून राह्यली वं, सुमे? आत्यावानी वास येऊन राह्यला." मी दार लोटून घेतलं आणि तेव्हा कुठं रडले.

मूठभर मेथ्या, असं म्हणाली होतीस. तुझी मूठ माझ्या दीडपट होती. आणि मूठ सपाट घ्यायची की शिगेची, ते तू सांगितलं नाहीस, आत्या. आता ते मी कोणाला विचारू?